घरचं माणूस मोजत नाहीत

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात सुचित्रा आठल्येची ख्याती अशी, की बाई शब्दाची पक्की. पन्नास पुरणपोळ्या आणते म्हणाली की पन्नास, एकोणपन्नास नाहीत. औषधांच्या एका कंपनीत ती वीस वर्षं गोळ्या तपासत होती. बाटलीच्या लेबलवर जेवढं लिहिलंय तेवढंच औषध गोळीत आहे की नाही, हे पाहायचं, आणि नसेल तर सही करायची नाही, ही तिची नोकरी. अशा बाईने स्वतःच्या मुलीवर चुकीचं लेबल लावलं आणि साडेतीन वर्षं ते तसंच राहू दिलं, हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

मुलगी आश्लेषा. कॉलेजात सगळे तिला ‘अ‍ॅश’ म्हणत. ती तिथे बायोलॉजी शिकत होती आणि पुढे डॉक्टर होणार हे घरात इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी बोलणंच झालं नव्हतं. दोन हजार तीन सालच्या मार्चमध्ये, एका रविवारी जेवता जेवता आश्लेषा म्हणाली, “मी मेडिकलला अप्लाय नाही केलं. मला कायरोप्रॅक्टर व्हायचंय. कनेक्टिकटच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली आहे.”

सुचित्राचा नवरा प्रल्हाद वरणभात कालवत होता, तो कालवतच राहिला. ह्याचं मूळ त्याच्याच पाठीत होतं. आश्लेषा सतरा वर्षांची असताना प्रल्हादची कंबर धरली, ती सहा महिने सुटेना. आठ-आठ मिनिटं भेटणारे तीन डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी ऑफिसातल्या कोणीतरी कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे नुसत्या हातांनी मान-पाठीचे मणके नीट बसवणाऱ्याचं, नाव दिलं. लायसन्स नुकतंच हातात आलेली आश्लेषा बापाला गाडीत घालून तिकडे न्यायची. तो माणूस पहिल्या दिवशी तासभर नुसतं ऐकत बसला होता. प्रल्हाद पुरता बरा झाला असं नाही, पण बूट स्वतःचे स्वतः घालायला लागला. मुलीच्या मनात ते बूट राहिले असावेत.

सुचित्राच्या डोळ्यांसमोर मात्र आले ते सांगलीचे बापू हाडवैद्य. तालमीच्या मागे त्यांची खोली. कळकट फळी, तेलाचा वास, पैलवान ओळीने बसलेले. नऊ वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडून तिचं कोपर निखळलं, तेव्हा आईने तिला मागच्या दाराने तिथे नेलं होतं. बापूंनी बोलता बोलता हात बसवला. घरी आल्यावर आईने तेल साबणाने धुऊन काढलं आणि बजावलं, “कोणी विचारलं तर सिव्हिलमध्ये नेलं होतं म्हणायचं.”

“एवढी केमिस्ट्री, एवढी बायोलॉजी शिकून शेवटी लोकांची हाडंच मोडायची?” सुचित्रा म्हणाली.

“मोडायची नाहीत, आई.” आश्लेषा शांतपणे सांगायला लागली. आत्तापर्यंतची बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हवीच. त्याच्याशिवाय घेत नाहीत. मग पुढे चार वर्षं. पहिली दोन शरीररचना, नसा, मेंदू, प्रेताचं विच्छेदन. मग एक्स-रे वाचणं, रोग ओळखणं, हाताचं तंत्र. शेवटचं वर्ष क्लिनिकमध्ये खरे पेशंट. देशभराची परीक्षा, तिचे चार भाग. त्यानंतर राज्याचं लायसन्स. “औषधं लिहून देता येत नाहीत, सर्जरी करता येत नाही. बट यू आर अ डॉक्टर.”

सुचित्राने त्यातलं औषधं आणि सर्जरी तेवढं ऐकलं.

त्याच वर्षी मंडळाने सभासदांची नवी डिरेक्टरी काढायचं ठरवलं. घरोघर फॉर्म आले. त्यात ‘मुलांचं शिक्षण’ असा रकाना होता. सुचित्राने पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि लिहिलं, ‘मेडिकल, कनेक्टिकट’. कॉलेजचं नाव लिहिलं नाही. फॉर्म पाकिटात घालताना तिला वाटलं, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. पुढच्या वर्षी फॉर्म आला नाही. डिरेक्टरी मात्र दोनशे घरांत फोनशेजारी जाऊन बसली.

खोटं आपल्या पायांनी चालायला लागलं की माणसाला फार काही करावं लागत नाही. पटेलांच्या दुकानात भाजी घेताना कोणी “काय म्हणतेय लेकीची डॉक्टरकी?” विचारायचं आणि सुचित्रा “चाललंय, खूप अभ्यास असतो” म्हणायची. त्यातला अभ्यास खरा होता. तो तिने डोळ्यांनी पाहिला होता. पहिल्या सत्रात विच्छेदनाच्या वर्गातून आश्लेषाचा फोन आला होता. तिच्या टेबलावरच्या आजीबाईंच्या नखांना गुलाबी नेलपॉलिश होतं म्हणून ती रडत होती. सुचित्रा म्हणाली, “आवडत नसेल तर सोड. अजून वेळ आहे.” पलीकडे रडणं थांबलं, आणि पुन्हा तसा फोन कधी आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आश्लेषा टेलिफोनचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन डोळे मिटून बसायची. पानाखाली एक केस ठेवायचा, वरून बोट फिरवायचं आणि केस कुठे आहे ते ओळखायचं. ओळखला की वर आणखी एक पान. “आई, तुझा केस दे ना. माझे फार छोटे आहेत.” सुचित्राने कंगव्यातला काढून दिला. आठवडाभराने पोरगी स्वयंपाकघरात ओरडत आली, “नऊ पानं, आई! नऊ पानांखालून लागला!”

“हे परीक्षेत विचारतात का?” सुचित्रा म्हणाली होती.

ही वाक्यं पुढे तिला एकेक करून आठवणार होती. तेव्हा ती नुसती बोलून गेली.

सगळ्यांत वाईट गोष्ट दोन हजार सहाच्या सप्टेंबरात घडली. शेवटच्या वर्षाला, क्लिनिकमध्ये पाऊल ठेवण्याआधी, विद्यार्थ्यांना पांढरा कोट घालायचा समारंभ असतो. आईवडील स्टेजवर जातात आणि कोट खांद्यावर चढवतात. तो शनिवार नेमका मंडळाच्या गणेशोत्सवाचा निघाला. आणि मंडळाने त्या वर्षी, शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांचा सत्कार ठेवला होता. यादी डिरेक्टरीवरून केली होती.

“मी मुलीकडे जातोय,” प्रल्हाद गाडीची किल्ली घेत म्हणाला. “तू कुठे जायचं ते तू ठरव.”

सुचित्राने ठरवलं. ‘मला ताप आलाय’ असं तिने मुलीला कळवलं आणि जरीची साडी नेसून शाळेच्या हॉलमध्ये गेली. अध्यक्ष श्रीरामकाकांनी माईकवर नाव पुकारलं, “वैद्यकीय शिक्षणाबद्दल, कुमारी आश्लेषा आठल्ये. तिच्या वतीने तिच्या मातोश्री!” टाळ्या वाजल्या. चांदीचं एक निरांजन, निळ्या डबीत. घरी येऊन तिने ती डबी कपाटात, हिवाळी शालींच्या खाली सरकवली. रात्री प्रल्हाद आला. समारंभ कसा झाला ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड तिला नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आश्लेषाने फोनवर सांगितलं, “आई, मला पेशंट हवेत.”

नियम असा होता. पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने पंचवीस नवे पेशंट स्वतः मिळवायचे, पहिल्या प्रश्नापासून तपासायचे आणि देखरेखीखाली उपचार करायचे. गाव लहान. गावातले लोक सगळ्या विद्यार्थ्यांत वाटले जायचे. कोणी आपल्या चर्चमधून माणसं आणायचं, कोणी फुटबॉलच्या टीममधून. “घरचं माणूस मोजत नाहीत,” आश्लेषा म्हणाली. “बाबा येऊन गेले, ते नाही धरले. पण तुझं मंडळ आहे ना! सगळे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतात. सगळ्यांच्या माना दुखत असणार. यू जस्ट हॅव टू आस्क.”

“बघते,” सुचित्रा म्हणाली.

कोणाला विचारायचं म्हणजे आधी सांगायचं होतं. तिने विचारलं नाही. पुढच्या रविवारी आश्लेषाने चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, “विचारलं ग. दिवाळीची गडबड आहे.” मग थँक्सगिव्हिंग आलं. मग थंडी. “दोन तास लांब पडतं म्हणतात.” पहिलं खोटं मंडळाशी होतं, हे दुसरं थेट मुलीशी, आणि हे दर रविवारी नव्याने बोलावं लागे. डिसेंबरच्या शेवटी आश्लेषाचे अठरा झाले होते. सात कमी. फेब्रुवारी संपेपर्यंत झाले नाहीत तर मेची पदवी डिसेंबरवर जाणार होती. आणि घराजवळच्या मेटचन गावातल्या ज्या वयस्क कायरोप्रॅक्टर बाई जुलैपासून तिला हाताखाली घ्यायला तयार होत्या, त्या तोवर थांबणार नव्हत्या.

“इट्स ओके, आई,” आश्लेषा त्या रविवारी म्हणाली. “त्यांना हे खरं शिक्षण वाटत नसेल. तू ट्राय केलंस ना. थँक यू.”

सुचित्राने फोन ठेवला आणि ओट्यावरचं स्वच्छ भांडं पुन्हा घासायला घेतलं.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्या घरी होतं. दिवाणखान्यात बावीस बायका, चपलांऐवजी दाराशी बुटांचा ढीग, हवेत गुळपोळीचा वास. सुचित्रा कुंकू लावत फिरत होती आणि कानांवर येत होतं ते सगळं तिच्यासाठीच बोलल्यासारखं.

“हा खांदा बघ,” कांचन सांगत होती. कांचन म्हणजे तिची बावीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि मंडळाचं चालतं वर्तमानपत्र. “भांग पाडायला हात वर जात नाही. आता नवऱ्याकडून पाडून घ्यायची वेळ आलीये.”

“देतात का पाडून?”

“देतात की. वाकडा!”

हशा पिकला. नागपूरहून दोन वर्षांपूर्वी आलेली राधिका म्हणाली, “माझी तर मान उजवीकडे वळतच नाही यार, कांचनताई. पार्कवेवर लेन चेंज करायची तर मी फक्त देवाचं नाव घेते आणि घुसते.”

बावीस बायका, चव्वेचाळीस खांदे. सात हवे होते. सुचित्रा हातात हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभी राहिली, तोंड उघडलं, आणि म्हणाली, “अग राधिका, तिळगूळ घे.”

तेवढ्यात दार उघडलं आणि आश्लेषा आत आली. क्लिनिकचं हीटिंग बिघडल्यामुळे शनिवारी सुट्टी मिळाली होती. गुळपोळ्यांच्या आशेने ती न सांगता निघून आली होती.

“या, डॉक्टरीणबाई!” कांचनने हात पसरले. “तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि सर्जन होणार की हार्टचं करणार ते सांग आधी.”

आश्लेषा हसली. तिला तो विनोद वाटला. बूट काढता काढता ती म्हणाली, “कांचनमावशी, आणि ते यायला नाही जमलं, इट्स रिअली ओके. दोन तास लांब आहे, आय गेट इट.”

“कुठे यायला?”

“माझ्या क्लिनिकला. आईने तुम्हा सगळ्यांना विचारलं होतं ना, ऑक्टोबरमध्ये.”

कांचनने राधिकेकडे पाहिलं. राधिकेने शेजारणीकडे. कोणाला काही विचारल्याचं आठवेना. आश्लेषाने त्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि शेवटी आईकडे पाहिलं. नऊ पानांखालचा केस ओळखणाऱ्या मुलीला हे ओळखायला कितीसा वेळ लागणार!

“ओह, सॉरी,” ती पटकन म्हणाली. “मीच आईला नको सांगितलं होतं. विसरलेच मी.” आणि वाटीतला तिळाचा लाडू उचलून तोंडात टाकला.

सुचित्राला वाटलं, पोरीने चारचौघांत ओरडायला हवं होतं. तिने आईला झाकून घेतलं, ते सोसवेना.

बायका वाण घेऊन गेल्या. आश्लेषा कप विसळत होती. पाठमोरीच तिने विचारलं, “मी काय शिकते म्हणून सांगितलंयस त्यांना?”

“मेडिकल.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.” मग आत काहीतरी सुटल्यासारखं सुचित्राने ताप, सत्कार, निरांजन, सगळं सांगून टाकलं. पाणी वाहत होतं. आश्लेषाने नळ बंद केला.

“मला वाटत होतं त्यांना माझ्या कामाची लाज वाटते,” ती हळू म्हणाली. “म्हणजे, त्यांना नाही.”

मग तिने हात पुसले, बाबांना मिठी मारली आणि अंधार पडायच्या आत निघून गेली. डब्यात भरून ठेवलेल्या गुळपोळ्या ओट्यावरच राहिल्या.

“आता?” सुचित्राने नवऱ्याला विचारलं.

“डिरेक्टरी ड्रॉवरमध्ये आहे,” प्रल्हाद म्हणाला. हळू बोलणारा माणूस. यापेक्षा कठोर तो लग्नाच्या इतक्या वर्षांत झाला नव्हता.

रविवारी सकाळी तिने पहिला फोन कांचनला लावला. पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं: आश्लेषा मेडिकलला नाही, कधीच नव्हती, कायरोप्रॅक्टर होतेय, मी खोटं लिहिलं, तिला सात पेशंट हवेत.

पलीकडे कांचनने टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग, “साडेतीन वर्षं, सुचित्रा! आणि मी जगाला सांगत सुटले, पोरगी सर्जन होणार म्हणून. नाक कापलंस की ग माझं.”

“हो.”

“हो काय हो!” मग आवाज खाली आला. “बरं, ऐक. आमचे हे तीन वर्षं रूट सत्तावीसवरच्या एका कायरोकडे जातात. गाडी लायब्ररीपाशी लावतात आणि मागून चालत जातात.”

“का ग?”

“का? तू विचारतेयस का?”

दोघी हसल्या. सांगलीचं मागचं दार न्यू जर्सीतही होतं, आणि त्यातून एकटी तीच जात नव्हती. हे आधी कळलं असतं तर, असं वाटायच्या आत तिला दुसरं वाटलं: आधी कळायला आधी बोलावं लागतं.

राधिका लगेच हो म्हणाली. तिचा प्रश्न एवढाच होता की मान वळायला लागली तर लेन बदलताना देवाचं नाव घ्यायचं की नाही. दोघींनी नाही म्हटलं, एकीने फोन उचलला नाही. दुपारपर्यंत सहा झाले.

सातव्यासाठी ती श्रीरामकाकांच्या घरी स्वतः गेली. निळी डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त इंजिनीयर, काका ऐकत राहिले. त्यांनी डबी उघडायचा प्रयत्न केला. कडी काही निघेना. काकूंनी पुढे होऊन ती काढून दिली.

“बोटं ऐकत नाहीत हल्ली,” काका म्हणाले. “शर्टाची बटणंसुद्धा हीच लावते. हे बघ सुचित्रा, सत्कार परत घ्यायची मंडळाच्या घटनेत सोय नाही. आणि टाळ्या अभ्यासाला होत्या. अभ्यास तिने केला ना? मग हे तिला दे. तुला नव्हतंच ते.” मग मान न वळवता, अख्खं अंग तिच्याकडे वळवून म्हणाले, “ही मान दोन महिने धरलीये. माझं नाव घाल यादीत.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी दोन गाड्या निघाल्या. एक प्रल्हादची, दुसरी कांचनचा नवरा राजीव चालवत होता. तो पेशंट नव्हता, ड्रायव्हर होता, हे त्याने आधीच जाहीर केलं होतं. वाटेत थांबून सगळ्यांनी बर्फातच उभ्या उभ्या पुरी-भाजी खाल्ली. सहल निघाल्यासारखे सगळे खुशीत होते. सुचित्राच्या पर्समध्ये निळी डबी होती आणि ती पर्स तिने दोन तास मांडीवर घट्ट धरली होती.

क्लिनिकच्या बोळात भिंतीवर फोटो लावले होते. पांढऱ्या कोटाच्या समारंभाचे. प्रत्येक फोटोत मधे विद्यार्थी, दोन खांद्यांशी दोन माणसं. आश्लेषाच्या फोटोत एकटा प्रल्हाद होता. कोटाची डावी बाही त्याने चढवली होती, उजवीत तिने स्वतःच हात घातलेला, अर्धाच. ते पाहत सुचित्रा इतका वेळ उभी राहिली की शेवटी प्रल्हादने येऊन तिला खुर्चीत बसवलं.

आश्लेषा बाहेर आली. कोट, केस मागे बांधलेले, हातात कागद. आईला “हाय” म्हणाली आणि पहिलं नाव पुकारलं.

कांचन पाऊण तासाने बाहेर आली ती डोळे विस्फारून. “अग, नुसते प्रश्न! बाळंतपणं किती, झोपतेस कशी, पिशवी कुठल्या हातात धरतेस. माझ्या सासूनेसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.” राधिका मान इकडेतिकडे करत आली. “थोडी वळतेय,” ती म्हणाली, “पण ती म्हणाली एकदम बरी होणार असं प्रॉमिस करत नाही. माझ्या खुर्चीचा फोटो मागितलाय.” एकेक करत सहा झाले.

श्रीरामकाकांच्या वेळी दार बराच वेळ बंद राहिलं. मग आश्लेषा घाईने बाहेर आली आणि देखरेखीच्या डॉक्टरांना आत घेऊन गेली. पुन्हा बाहेर आले तेव्हा काकांच्या हातात एक पत्र होतं.

“हात लावायला तयार नाही तुझी मुलगी,” काका म्हणाले. “मी विचारलं, म्हातारा म्हणून का?”

“नाही, काका.” आश्लेषा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, आणि मराठी शब्द शोधत सावकाश बोलायला लागली. “तुमच्या गुडघ्याचे रिफ्लेक्स जास्त उडतात. सरळ रेषेवर चालता येत नाही. बटणं लावता येत नाहीत. मानेत आतली जी मोठी नस आहे ना, स्पायनल कॉर्ड, तिच्यावर प्रेशर असू शकतं. अशा मानेला मी झटका दिला तर वाईट होईल. हे माझं काम नाही. सोमवारी तुमच्या डॉक्टरांना हे पत्र द्या. सोमवारी. पुढच्या आठवड्यात नाही.”

काकांनी पत्र खिशात ठेवलं. (मार्चमध्ये त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं. बटणं अजून काकूच लावतात, पण चालतात सरळ.)

ज्याच्यावर उपचार सुरू होतात तोच पेशंट मोजतात. म्हणजे सहाच झाले. आश्लेषा कागद लावत बोळात उभी होती. सुचित्रा तिच्याजवळ गेली, आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारातलं सगळ्यांत मूर्ख वाक्य बोलली. “वरवर हात फिरवला असतास नुसता. एक खूण तर झाली असती फॉर्मवर.”

“आई,” आश्लेषा म्हणाली. एवढंच.

सुचित्राला कानांपर्यंत गरम झालं. कारखान्यात कोणी तिला असं सुचवलं असतं तर तिने त्याला दारातून आत घेतलं नसतं. एका रकान्यात दोन शब्द लिहायला तिला अर्धं मिनिट लागलं होतं. आणि ही पोरगी, जिचं अख्खं वर्ष एका खुणेला टांगलं होतं, पेन उचलत नव्हती.

एक कमी पडतोय हे बाहेरच्या खोलीत पसरलं तसं सगळे हळूहळू राजीवकडे बघायला लागले.

“मी ड्रायव्हर आहे,” राजीव म्हणाला. “आणि माझा माणूस आहे तिकडे. त्याला काय वाटेल?”

“त्याला कोण सांगणार आहे? लायब्ररीवाले?” कांचन म्हणाली. “उठा. तीन वर्षं लपून गेलात, आज पुढच्या दाराने जा.”

राजीव उठला. त्याची पाठ खरोखरच दुखत होती. ते ओळखायला आश्लेषाला फॉर्म भरून होईपर्यंतही थांबावं लागलं नाही. साडेपाचला तो बाहेर आला. पंचवीस झाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा हसली. सगळे कोट चढवत गाड्यांकडे निघाले.

सुचित्रा मागे राहिली होती. तपासणीच्या खोलीतलं टेबल पुसत आश्लेषा म्हणाली, “आई, झोप इथे.”

“मला कशाला? घरचं माणूस मोजत नाहीत ना?”

“नाहीत. झोप.”

ती पालथी झोपली. टेबलाला तोंडासाठी एक खाच होती. तिच्यातून खालची फरशी दिसत होती, खाली ठेवलेली आपली पर्स, आणि मुलीचे बूट. टाचा झिजल्या होत्या. चार वर्षं ही पोरगी उभी आहे, सुचित्राला वाटलं, आणि हिचे बूट मी आज पाहतेय.

आश्लेषाची बोटं मानेवर टेकली. कोमट होती. एकेका मणक्यावरून ती खाली आली, थांबली, पुन्हा वर गेली. घाई नव्हती. मग उजव्या खांद्याच्या वर, जिथे वीस वर्षं मान वाकवून गोळ्या तपासताना गाठ धरली होती, तिथे येऊन ती अचूक थांबली.

“हे किती दिवसांपासून दुखतंय?”

“दिवस नाहीत ग. चार-पाच वर्षं झाली.”

बोटं तिथेच राहिली. दाबली नाहीत, उचललीही नाहीत.

“चार-पाच वर्षं,” आश्लेषा वरून म्हणाली. “मग मला का नाही सांगितलंस?”

सुचित्रा फरशीकडे बघत राहिली. उत्तर तिला माहीत होतं, आणि ते मुलीलाही माहीत होतं. तरी ते आज आपल्याच तोंडाने सांगायला हवं होतं. खाचेतून एक थेंब टपकन खाली पर्सवर पडला.

“सांगते,” ती म्हणाली. “हात काढू नकोस. सांगते.”